अंजनीताई ते बोलली नाही

अंजनीताई आणि मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एकाच कारखान्यात दहा वर्षं शेजारी शेजारी बसलो. जीन्स शिवण्याचा कारखाना. खाली कटिंग, वर मशिनी. मी खिसे जोडायची, ती पट्टा अडकवायचे लूप मारायची. माझ्यापेक्षा ती बारा वर्षांनी मोठी, म्हणून ताई. बोलायला लागली तर भरपूर बोलायची, पण हात थांबायचा नाही. तिच्या हातून उसवायला आलेला पीस मी क्वचितच पाहिला.

ती बदलापूरहून यायची. बारवी धरणाच्या रस्त्याला तिचं सासर. गावाचं नाव मी लिहीत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात आणि ती वाईट आहेत असं मला वाटत नाही. नवरा सदू पाण्याचा टँकर चालवायचा. सासू कमळाबाई. मोठा दीर महेंद्र, खडी-सिमेंटचा धंदा करणारा, गावकीत ज्याच्या शब्दाला वजन आहे असा. मुलगी श्रद्धा, आणि तिच्यानंतर आठ वर्षांनी झालेला सोनू.

सोनू पाच वर्षांचा असताना गेला. गणपतीचे दिवस होते. दिवाळीचा माल निघायचा होता म्हणून शेठनं गौरीच्या दिवशीही सगळ्यांना बोलावलं आणि ताई आली. संध्याकाळी घरी गेली तर पोराला ताप. तिसऱ्या दिवशी अंगावर लाल ठिपके उठले, दवाखान्यात नेला, चौथ्या दिवशी पहाटे संपलं. डेंग्यू होता. त्या वर्षी त्यांच्या गावात आणखी दोन मुलं गेली. पण त्या दोघांच्या आया गौरीच्या दिवशी घरी होत्या, त्यामुळे त्यांना कोणी काही म्हटलं नाही.

"गौर घरान आणि ही कारखान्यान," कमळाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "कोपनार नाय तर काय?"

महिन्याभरानं ताई कामावर परत आली. बोलणं बंद झालं होतं. डबा उघडायची आणि तसाच झाकायची. आमच्यातल्या बायकाही तिला समजवायच्या, मीसुद्धा समजवलं. कोणी शांती कर म्हणालं, कोणी कुठल्या देवस्थानाला जाऊन ये म्हणालं. ती मान हलवायची.

आमच्या कारखान्यासमोर प्रीतमभाईंचं बटण, चेन आणि दोऱ्याचं दुकान होतं. सिंधी माणूस, पन्नाशीचा, हळू बोलणारा. तो आणि त्याची बायको ख्रिस्ती झालेले होते हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दर रविवारी दुकानाच्या वरच्या खोलीत दहा-पंधरा माणसं जमायची आणि ढोलकीवर हिंदी गाणी म्हणायची. कोणाला त्याचं काही नव्हतं. गणपतीची वर्गणीही प्रीतमभाई न चुकता द्यायचे.

एका दुपारी ताई दोऱ्याचं रीळ आणायला गेली ती तासभर आली नाही. शेठ ओरडायला लागला म्हणून मी बघायला गेले. दुकानात जमिनीवर ताई बसली होती आणि तिच्याशेजारी प्रीतमभाईंची बायको, जिला आम्ही सगळ्या भाभी म्हणायचो. दोघी रडत होत्या. मला बघून भाभीनं फक्त हातानं खूण केली, जा, येईल ती.

काय झालं ते ताईनं मला खूप नंतर सांगितलं. भाभीनं तिला एक गोष्ट सांगितली होती. येशूच्या एका मित्राला मरून चार दिवस झालेले असतात. येशू उशिरा पोचतो. मेलेल्याची बहीण त्याला तोंडावर म्हणते, तू वेळेवर आला असतास तर माझा भाऊ गेला नसता. आणि तो तिला म्हणत नाही की तुझं काय चुकलं. तो तिथं उभा राहून रडतो.

"पुढे तो त्याला उठवतो," ताई म्हणाली, "पण माझं मन पुढं गेलंच नाही गं. मी तिथंच थांबले. मला सगळ्यांनी माझी चूक सांगितली होती, वैदेही. देवसुद्धा कोपला म्हणून सांगितलं. हा एकटाच निघाला जो रडला."

दोन वर्षं ती रविवारी त्या वरच्या खोलीत जाऊन नुसती बसत होती. मग तिनं बाप्तिस्मा घेतला. पाण्यात उतरायच्या आधी तिनं घरी सदूला सांगितलं, चोरून काही केलं नाही.

"काय भेटला तुना त्याच्यान?" त्यानं विचारलं.

"काय नाय."

"मग?"

सदूनं तिच्या कानाखाली मारली. त्याआधी त्यानं कधी हात उगारला नव्हता आणि त्यानंतरही नाही. मारल्यावर तोच बाहेर जाऊन टँकरमध्ये बसून राहिला.

पुढची पाच वर्षं तशीच निघाली. घरात गणपती बसायचा. ताई घर सारवायची, मोदक वळायची, दीडशे माणसांचा स्वयंपाक ओढायची. आरतीला मात्र स्वयंपाकघरात उभी राहायची. कपाळाला कुंकू लावत होती, मंगळसूत्र घालत होती. कमळाबाईंनी काही दिवस तिच्या हातचं पाणी सोडलं, पण मग भरणारी तीच म्हटल्यावर परत प्यायला लागल्या. गावात कुजबुज होती. महेंद्र म्हणायचा, बायकांचं डोकं, होईल बरं. सगळ्यांनी मिळून एक न बोलण्याचा करार केल्यासारखं चाललं होतं.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी तो मोडला.

त्या दिवशी आमचं काम चालू होतं. ताईनं नेहमीसारखी अकरा ते एक सुट्टी मागून घेतली होती आणि ती समोर गेली होती. साडेअकराला गल्लीत मोटारसायकली आल्या. वीस-पंचवीस पोरं. घोषणा द्यायला लागली. शेठनं सांगितलं, शटर खेचा. दाराजवळ मी होते. मी खेचलं. त्या वेळी वरच्या खोलीच्या खिडकीत मला ताईची पाठ दिसत होती, हिरवी साडी. मी शटर खेचलं आणि आम्ही सगळ्या आत ट्यूबलाइटच्या उजेडात बसून राहिलो. समोरून खुर्च्या पडल्याचे आवाज येत होते.

कोणाला फार मारलं नाही. प्रीतमभाईंचा चष्मा फुटला. पुस्तकं खाली रस्त्यावर टाकली. आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर मोबाइल धरून नाव, गाव, जात विचारली आणि काय आमिष दिलं ते विचारलं. बहुतेकांनी मान खाली घातली. एक-दोघांनी आम्ही असेच आलो होतो, पहिल्यांदाच आलो, असं सांगितलं. ताईनं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"काय दिलं तुला यांनी?"

"काय नाय दिलं. मी माझ्या मनानं आले."

"किती वर्षं?"

"सात."

पोलीस आले. प्रीतमभाईंना नेलं, जबाब घेतला आणि संध्याकाळी सोडलं. पण तोवर ताईचं ते "सात" गावातल्या प्रत्येक फोनवर पोचलं होतं.

महिन्याभरात जागेच्या मालकानं प्रीतमभाईंना दुकान खाली करायला सांगितलं. जमणारी माणसं पांगली. त्यातली दोघं तर रस्त्यात ताई दिसली की दुसऱ्या बाजूनं जायची. सामान भरताना प्रीतमभाई ताईला म्हणाले, मी तिथंच होते, "बहन, अभी टाइम ठीक नाही. मनात ठेवा. कोणी विचारलं तर बोला, पहले जात होते, अब नाही. भगवान तो मन पाहतो ना."

"मनातच हाय, भाई," ताई म्हणाली. "पण विचारल्यावर नाय कसं म्हणू?"

प्रीतमभाईंनी चष्मा काढला. नवा होता, नाकावरून घसरत होता. "मी तर म्हटलं," ते म्हणाले. "पोलिसांत लिहून दिलं मैंने. पुढे प्रार्थना घेणार नाही म्हणून." भाभीनं तोंड फिरवलं. ते कुटुंब मुलाकडे गुजरातला गेलं. पुढे त्यांचा फोनही लागेना.

श्रद्धाचं लग्न त्याच हिवाळ्यात ठरलं होतं. मुलगा कल्पेश, अंबरनाथजवळचा, एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. व्हिडिओ पाहिल्यावर कल्पेशच्या घरच्यांनी लग्न मोडलं नाही, पण विचारणा केली. आणि त्याआधीच गावकी बसली.

गावकी म्हणजे गावातल्या घरांची बैठक. देवळाच्या मंडपात भरते. तिथं बायका बोलत नाहीत, पण ताईला बोलावलं. महेंद्रच बोलला. तो रागावलेला नव्हता. उलट समजावण्याच्या सुरात होता.

"अंजनी, कोनी तुला हाकलत नाय. पाच मान्सांसमोर देवलात ये, तीर्थ घे आणि एकदा बोल, मी ते सोडला. झाला. पोरीचा लगीन धूमधडाक्यान करू. परत कोनी इषय काढनार नाय, माझी जबान."

ताईनं सांगितलं की लग्नात ती सगळं करील. हळद दळील, मांडव सारवील, आल्या-गेल्याच्या पाया पडील. कोणाच्या पूजेत आडवी येणार नाही. "पन सोडला असा नाय बोलनार. सोडला नाय तर कसा बोलू?"

"मनान ठेव ना तुझ्या!" कोणीतरी मागून ओरडलं. "तोंडान बोलाचं तेवढा बोल."

तिला हसू आलं, असं ती मला म्हणाली. प्रीतमभाईही हेच म्हणाले होते.

गावकीनं ठरवलं की त्या घराच्या लग्नाला गाव येणार नाही. गाव येणार नाही म्हणजे मांडवाला हात लागणार नाहीत, हळदीला बायका येणार नाहीत, धवलारीण येणार नाही. आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते, धवलारीण म्हणजे लग्नातले विधी गाण्यातून सांगणारी म्हातारी. तिच्याशिवाय त्यांच्यात लग्न लागल्यासारखं वाटत नाही.

तीन दिवसांनी सदू म्हणाला, "लगीन होईपर्यंत तू कुठं तरी रव." तिच्याकडे न बघता म्हणाला.

श्रद्धानं आईची पिशवी भरून दिली. दोन साड्या, औषधं, केसांचं तेल. तेलाचं झाकण घट्ट लावून वर प्लास्टिक बांधलं, सांडू नये म्हणून. ताई हे मला इतक्या बारकाईनं सांगत होती की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. मी तिला चार दिवस ठेवलं. पाचव्या दिवशी माझ्या नवऱ्यानं विचारलं, किती दिवस? व्हिडिओ त्यानंही पाहिला होता. मी ताईला काही म्हटलं नाही. ताईनंच बदलापूरजवळ खरवईला एक खोली शोधली, नव्या इमारतींच्या मागच्या जुन्या चाळीत. मी थांब म्हणाले नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीला, ताई कामावर आली. सगळ्यांना माहीत होतं. शेठनंसुद्धा विचारलं, आज कशाला आलीस? ती म्हणाली, घरी बसून काय करू? जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली.

"माझ्या पुतणीचा नंबर हाय ना तुझ्याकडं? तिनं काय लावलं असंल ते दाव."

पुतणीच्या स्टेटसला हळदीचा व्हिडिओ होता. श्रद्धा पाटावर बसलेली, तोंड पिवळंधमक, कपाळाला बाशिंग. ताईनं फोन डोळ्यांजवळ धरला.

"आवाज वाढव."

ताई घरातून गेल्यावर गाव लग्नाला आलं होतं. धवलारीण गात होती. त्या गाण्यांत नवरीच्या आईचं नाव घालतात. म्हातारीनं ताईच्या जावेचं नाव घातलं. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा होता. ताईनं तो तीनदा पाहिला आणि फोन मला दिला. "बारीक झाली," एवढंच म्हणाली. मग मशिनवर जाऊन बसली. त्या दुपारचे तिचे सगळे पीस पास झाले.

लग्न झालं. सदू तिला न्यायला आला नाही. ती आठ दिवस वाट बघत होती, मग बघायची थांबली. खरवईच्या खोलीसाठी तिनं स्टोव्ह घेतला, एक कळशी घेतली. तेव्हा मला कळलं की ती आता परत जाणार नाही.

मधल्या काळात तिनं देवळासाठी, म्हणजे त्यांच्या देवळासाठी, खूप शोधाशोध केली. अंबरनाथला एक जुनं चर्च होतं. तीन पिढ्यांची ख्रिस्ती कुटुंबं तिथं येणारी, आपसात लग्नं होणारी. ती तिथं गेली. तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, वयस्कर होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही येऊन बसा. पण सभासदांच्या यादीत तुमचं नाव मी आत्ता घालू शकत नाही. तुमचं नाव-गाव सगळ्यांना माहीत झालंय. उद्या कोणी आलं तर या साठ घरांचं काय?"

ती शेवटच्या बाकावर बसायला लागली. बायका हसून बघायच्या, पण प्रार्थना संपल्यावर कोणी थांबायचं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "ज्यांच्यासाठी तू घर सोडलंस ते तर तुला ओळखही देत नाहीत."

"त्यांच्यासाठी कुठं सोडलं?" ती म्हणाली.

लग्नाला सव्वा वर्ष झालं असेल. दुपारी तीनला ताईचा फोन वाजला. कल्पेश होता. श्रद्धा सातव्या महिन्यात होती, हे ताईला इकडून तिकडून कळलेलं. तिच्या पोटातलं बाळ दोन दिवस हललं नव्हतं. उल्हासनगरच्याच एका दवाखान्यात आणलं होतं. "ती तुम्हाला बोलवतेय," कल्पेश म्हणाला. "फक्त आईच हवी म्हणते."

मी ताईबरोबर गेले. रिक्षात ती दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बसली होती.

बाळ मेलेलं होतं. ते मेलेलं आहे हे माहीत असून श्रद्धाला कळा द्याव्या लागल्या. अठरा तास. ताई तिच्या उशाशी उभी होती. श्रद्धानं तिचा दंड असा धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथं काळेनिळे वळ होते. मुलगा होता. नर्सनं पांढऱ्या कापडात गुंडाळून आणला. श्रद्धानं बघायला नकार दिला. ताईनं घेतला. तिनं तो छातीशी धरला नाही, दोन्ही तळहातांवर धरला आणि तोंडावरचं कापड थोडं सरकवून बघितलं. मग कल्पेश आणि त्याचे काका त्याला घेऊन गेले.

बाहेर बाकावर कल्पेशची आई बसली होती. बाई रडून रडून दमलेली. ती कोणाशी भांडत नव्हती. पण शेजारच्या बाईला सांगत होती ते आम्हाला ऐकू आलं. "आईनं देव सोडले. कुठंतरी ते निघणारच ना."

तिसऱ्या दिवशी दुपारी श्रद्धा उठून बसली. दूध आलं होतं, छाती बांधली होती. मी डबा घेऊन गेले होते. ताई तिला भात कालवून भरवत होती. दोन घास घेतल्यावर श्रद्धानं तोंड मिटलं.

"आई, तू माफी माग."

ताईला वाटलं, हळदीची, घर सोडल्याची. "मागते गं बाय," ती म्हणाली. "तुला किती भोगायला लागलं माझ्यामुळं."

"माझी नाय. बाप्पाची. देवळात जाऊन माग. गावकीसमोर नको. मी आणि तू जाऊ. तू फक्त म्हण, माझं चुकलं, मी ते सोडलं. परत असं नको व्हायला, आई. डॉक्टर बोलतात काही कारण सापडत नाही. मग काय कारण असंल? मला दुसरं झालं आणि तेपण असंच झालं तर?"

ताईच्या हातात भाताचा घास तसाच होता.

मला वाटलं, आता ही म्हणेल. माझ्या जिवावर बेतलं असतं तर मीही काय वाटेल ते म्हटलं असतं, पण इथं तर पोर समोर बसून मागत होती, छाती बांधलेली, डोळे सुजलेले. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण ना ताई. एक वाक्य आहे. देव समजून घेईल, तुझा असो की आमचा.

ताईनं घास ताटात ठेवला. हात पुसला.

"श्रद्धा, सोनू गेला तवा मला सगळी बोलली, तुझ्यामुळं गेला. मी दोन वर्षं ते खरं धरून चालले. तुला आठवत नसंल, तू लहान होतीस. मी गाडीखाली जाणार होते."

श्रद्धा बघत राहिली.

"मी आज चुकलं म्हटलं, तर मीच बोलल्यासारखं होईल का तुझं बाळ माझ्यामुळं गेलं. देवानं माझा राग त्याच्यावर काढला. मी ज्याला धरलंय तो पोरं मारत नाय. आणि तुझा बाप्पापण नाय मारत. कोणी सांगितलं तरी धरू नको तसं. तू तरी नको धरू."

"म्हणजे नाय बोलणार?"

"दुसरं काय पण सांग. तुझ्या दारात झाडू मारीन."

"नाय बोलणार ना?"

"नाय, बाय."

श्रद्धानं भिंतीकडे तोंड केलं. "मग जा," ती म्हणाली.

ताई लगेच गेली नाही. तासभर तिथं स्टुलावर बसून राहिली, पाठीकडे बघत. श्रद्धा वळली नाही. शेवटी कल्पेश आला आणि खाली मान घालून म्हणाला, "आई, तुम्ही आता... तिला त्रास होतोय." ताईनं ताट धुतलं, पालथं घातलं आणि आम्ही बाहेर आलो.

दवाखान्याच्या जिन्यात मी तिच्यावर ओरडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "काय गेलं असतं तुझं? पोरीसाठी एवढं होत नाही? कसला देव गं हा?" येणारे-जाणारे बघत होते. ताई कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होती.

"ओरड," ती म्हणाली. "मला पण ओरडायचंय त्याच्यावर."

त्यानंतर तिनं कामावरून चार दिवस सुट्टी घेतली. पाचव्या दिवशी आली तेव्हा तिचे केस एकदम पिकलेले दिसले. खरं म्हणजे ते आधीच पिकत असतील, तिनं रंग लावायचा सोडला होता. अंबरनाथला मात्र ती त्या रविवारीही गेली होती. मी विचारलं, काय केलंस जाऊन? ती म्हणाली, काहीच जमलं नाही, गाणंही तोंडातून निघेना, नुसती बसून आले.

श्रद्धानं तिचा नंबर ब्लॉक केला.

या वर्षी मार्चमध्ये श्रद्धाला मुलगी झाली. नीट, पूर्ण दिवसांची. कल्पेशच्या घरच्यांनी बऱ्याच ठिकाणी नवस बोलले होते, ते फेडले. बाळाचं नाव रिद्धी ठेवलं. बारशाला ताईला बोलावणं नव्हतं. गावात म्हणतात, आईशी संबंध तोडला म्हणून पोर जगली. हे श्रद्धा मानते की नाही ते मला ठाऊक नाही. ताईला मी हे सांगितलं नव्हतं, पण तिला कोणीतरी सांगितलंच.

आता सदू गुरुवारी तिच्या खोलीवर येतो. कधीपासून यायला लागला, का यायला लागला, याबद्दल दोघंही काही बोलत नाहीत. टँकर मोठ्या रस्त्यावर उभा करतो, चालत आत येतो, गावातल्या कोणी बघू नये म्हणून. ती त्याला सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी करून घालते. तो जेवतो आणि जातो. घरी ये असं तो म्हणत नाही. म्हणायची त्याची छाती नाही, हे तिला कळतं.

बारशानंतरच्या गुरुवारी मी तिथं होते. शिवायला दिलेलं एक ब्लाउज तिच्याकडून न्यायला गेले होते. सदूनं पेढे आणले होते आणि फोनमध्ये बाळाचे फोटो. ताईनं हात धुतले, पुसले आणि मग फोन घेतला.

"डोळं कोनासारखं?" तिनं विचारलं.

"अजून झाकलेलंच असतात," सदू म्हणाला. "झोपते निस्ती."

ती फोटो पुढं-मागं करत राहिली. सदूनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि एकदम म्हणाला, "तुना कधी वाटत नाय का गं, बोलून टाकावा? एकदाच. कोन पाहतंय?"

मी ब्लाउजची घडी करत होते, तशीच थांबले.

"रोज वाटतं," ताई म्हणाली.

सदूनं तिच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यानं हे उत्तर अपेक्षिलं नव्हतं. आपली बायको दगडाची आहे असं तो इतकी वर्षं धरून चालला असावा.

"सकाळी उठल्यावर वाटतं," ती म्हणाली. "मशिनवर वाटतं. आज हे फोटो बघताना पन वाटलं."

तिनं फोन त्याला परत दिला आणि अर्धी भाकरी त्याच्या ताटात वाढली. तो नको म्हणाला नाही. बाहेर चाळीच्या नळाला पाणी आलं होतं, बायकांची घाई चालली होती. ताईनं कळशी उचलली आणि मला म्हणाली, "वैदेही, तू बस. मी रांगेत नंबर लावून येते."